उघड्यावरचं बाक आणि लाकडी कुंड्या : ऐन, किंजळ आणि इतर जड लाकडांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पडवीत ठेवलेलं बाक आणि खळ्यात, म्हणजे घरापुढच्या उघड्या अंगणात, ठेवलेलं बाक यांचं आयुष्य अगदी वेगळं असतं. इथले प्रश्न दुसऱ्या बाकाचे आहेत. त्यावर मृगापासून हस्तापर्यंत पाऊस थेट पडतो आणि मग मार्च-एप्रिलचं ऊन. लोक विचारतात ते बहुतेक जातीबद्दल आणि पॉलिशबद्दल. पण बाक टिकतं की कुजतं हे जास्त करून ठरतं ते त्यावर पडलेलं पाणी कुठे थांबतं यावरून. त्यामुळे खालच्या बऱ्याच उत्तरांत पाणीच येईल.

बाहेरच्या कामासाठी सागच घ्यायला हवा का?

नाही. साग उत्तम आहेच. तो फारसा आक्रसत नाही, त्याच्या अंगात तेल असतं आणि हत्याराखाली तो गुणी आहे. पण कोकणातल्या आणि गोव्यातल्या जुन्या घरांचे वासे, तुळया, खांब पाहिले तर तिथे ऐन, किंजळ, फणस, बिवळा, नाणा ही लाकडंही भरपूर दिसतात. बाकाच्या पायांना आणि आडव्या चौकटीला ऐन किंवा बिवळा घ्यावा, बसायच्या पट्ट्यांना परवडत असेल तर साग, नाहीतर किंजळ, असं माझं मत आहे. पायांना वजन आणि ताकद लागते. पट्ट्यांना मात्र पीळ न पडता सरळ राहणारं लाकूड हवं.

वजनाचा अंदाज असू द्या. वाळलेला साग घनमीटरला साधारण ६५० किलो भरतो, ऐन ८५० च्या आसपास. परदेशातून येणारं इपे तर हजाराच्या वर जातं, म्हणजे पाण्यात टाकलं तर बुडतं. वखारीतल्या हिशोबात सांगायचं तर सागाचा एक घनफूट १८ किलोचा आणि ऐनाचा २४ किलोचा.

सागाला वाळवी लागत नाही हे खरं आहे का?

गाभ्याला सहसा लागत नाही. बाहेरच्या पांढऱ्या भागाला खुशाल लागते. हे सागाचंच नव्हे, जवळपास प्रत्येक लाकडाचं आहे. झाड जिवंत असताना पांढऱ्या भागातून रस वाहतो, तिथे पिष्ट साठतं, आणि भुंगेरे त्यासाठीच येतात. पट्टीखाली पिठासारखी बारीक पूड पडलेली दिसली की समजावं. आतला गाभा मात्र झाडाने स्वतःच रसायनांनी भरून बंद केलेला असतो.

म्हणून ‘साग आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. आफ्रिकेतून आणि दक्षिण अमेरिकेतून लागवडीचा साग मोठ्या प्रमाणावर येतो. तो कोवळ्या वयात तोडलेला असला तर पांढरा भाग बराच असतो. वखारीत फळीची कडा बघा. कडेला फिकट पट्टा असेल तर तो कापून टाकल्यावर किती लाकूड उरतं, त्याचा भाव धरा.

वखारीत ‘मलेशियन साल’ म्हणून देतात ते काय असतं?

ते एका जातीचं नाव नव्हे, व्यापारातलं नाव आहे. आग्नेय आशियातून येणारी काही जड लाल-तपकिरी लाकडं या नावाखाली विकली जातात आणि त्यांत फरक असतो. दाराच्या चौकटींना ते सर्रास वापरतात. बाकासाठी घेताना एकाच लॉटमधलं, वजनाला सारखं लागणारं लाकूड निवडा आणि फळ्या हातात उचलून बघा. शेजारची फळी सारख्या मापाची असून बरीच हलकी लागली, तर ती बाजूला ठेवा.

ऐन तडकतो म्हणतात. मग तो वापरावा कसा?

तडकतो, आणि त्याचं कारण वाळवण्याच्या घाईत आहे. जड लाकडातून ओलावा फार हळू बाहेर पडतो. वरचा थर उन्हात पटकन वाळून आक्रसतो, आतला अजून ओला आणि फुगलेला असतो. या ओढाताणीत पृष्ठभागावर चिरा जातात. टोकांकडून तर ओलावा कडांपेक्षा कितीतरी पटीने वेगात निघतो, म्हणून फळीची टोकं सगळ्यात आधी फाटतात.

उपाय जुनेच आहेत. ओंडका कापून आणला की त्याच दिवशी फळ्यांच्या दोन्ही टोकांना मेण किंवा जुना ऑइलपेंट जाड लावा. थप्पी सावलीत रचा, प्रत्येक थरामध्ये दीड-दोन फुटांवर इंचभर जाडीच्या रिपा ठेवा, आणि त्या रिपा एकाखाली एक बरोबर ओळंब्यात येऊ द्या. त्या इकडेतिकडे झाल्या तर फळ्या कायमच्या वाकतात. थप्पीवर वजन ठेवा. वारा लागला पाहिजे, पण थेट ऊन आणि चैत्रातली गरम झळ नको. सुतारांचा ‘इंचाला वर्ष’, म्हणजे एक इंच जाडी वाळायला एक वर्ष, हा हिशोब आपल्या उष्ण हवेत थोडा कमी धरला तरी चालतो. पण ऐनाच्या बाबतीत मी तो कमी करणार नाही.

किंजळीचे ओंडके पाण्यात काही काळ भिजत ठेवून मग वाळवायची जुनी पद्धत आहे. तिला अर्थ आहे. भिजवल्याने लाकडातलं किडीचं खाद्य बरंच धुऊन जातं.

अमावस्येच्या आसपास तोडलेलं लाकूड किडत नाही, हे पाळावं का?

घरात पाळत असतील तर जरूर पाळा, त्याने नुकसान काही नाही. पण तिथी कोणतीही असो, पांढरा भाग काढला नाही आणि लाकूड नीट वाळवलं नाही तर कीड येणारच.

माझ्या स्वतःच्या जागेत ऐनाचं झाड आहे. ते तोडून बाक करता येईल?

परवानगी घेऊनच. महाराष्ट्रात १९६४ चा झाडे तोडण्याबाबतचा अधिनियम आहे. त्याच्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ, खैर, आंबा, फणस, जांभूळ अशी झाडं आहेत, आणि ती खासगी मालकीची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शहरी भागासाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे, गोव्यात १९८४ चा. तोडलेलं लाकूड गिरणीपर्यंत न्यायचं तर वाहतूक परवानाही लागू शकतो. सातबारा घेऊन आधी वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात जाऊन या, मग सुताराला बोलवा.

वखारीतून घेताना पक्कं बिल मागा. ते फक्त कायद्यापुरतं नाही. जंगलातून चोरून आलेल्या लाकडाचं बाक खळ्यात ठेवून त्यावर चहा प्यायचा, हे मला पटत नाही. परदेशी लाकडाचंही तेच. इपेच्या जाती २०२२ साली पनामात झालेल्या परिषदेत ‘साइटीज’च्या, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात घेतल्या गेल्या आणि नोव्हेंबर २०२४ पासून त्यांच्या व्यापाराला कागदपत्रं लागतात. शिसवीचं सगळं कुळ २०१७ पासून त्या यादीत आहे.

मग जुनं लाकूड घेणं बरं नाही का?

माझी पहिली पसंती तीच. मोडलेल्या वाड्यांचे आणि कौलारू घरांचे वासे, तुळया जुन्या लाकडाच्या वखारीत मिळतात. पन्नास-शंभर वर्षं घरात राहिलेलं लाकूड पुरतं वाळलेलं असतं, त्याला जो पीळ पडायचा तो पडून गेलेला असतो. दोन गोष्टी मात्र करायच्या. आधी हातोडीने ठोकत जायचं. भरीव लाकूड खणखणीत वाजतं, पोखरलेलं बद्द. मग सगळे खिळे शोधायचे. डोक्याशी तुटलेला खिळा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून भिंतीतली वायर शोधायचं छोटं यंत्र किंवा चांगलं लोहचुंबक फिरवा. एक राहिलेला खिळा रंध्याची पाती निकामी करतो, आणि करवतीच्या चक्रावर तो हातालाही धोका असतो.

रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर मात्र बाकाला आणि कुंडीला नकोत. कीड लागू नये म्हणून ते अनेकदा क्रिओसोटमध्ये, म्हणजे डांबरी तेलात, मुरवलेले असतात. त्याचा वास वर्षानुवर्षं जात नाही, उन्हात ते पाझरतं, आणि ते अंगाला किंवा भाजीच्या मातीला लागू देण्यासारखं द्रव्य नाही.

पाच फुटी बाकाला किती लाकूड लागेल आणि मापं काय घ्यावीत?

तीन माणसं बसतील असं पाठीचं बाक धरू. बसायच्या पाच पट्ट्या, प्रत्येकी ३ इंच रुंद आणि १ इंच जाड. पाठीला तशाच तीन. पुढचे पाय अडीच इंच चौरस. मागचे पाय पाठीसकट एकसंध, ५ इंच रुंद फळीतून तिरके कापलेले. मागचा पाय आणि पाठीचा उभा भाग वेगवेगळे कापून जोडू नका. टेकून बसणाऱ्याचा सगळा जोर तिथेच येतो. लांबीच्या आडव्या चौकटी ३ इंच उंच, दीड इंच जाड. बैठकीची उंची १७ इंच.

कापातली नासाडी, पांढरा भाग, गाठी हे सगळं धरून पावणेतीन ते तीन घनफूट घ्या. तयार बाक ऐनाचं असेल तर चाळीस किलोच्या आसपास भरेल. उचलायला दोन माणसं लागतील.

पट्ट्यांत फट किती ठेवायची?

इथे थोडं थांबून समजून घेऊ, कारण बहुतेक बाकं याच ठिकाणी बिघडतात.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. हवेत ९० टक्के आर्द्रता असली, जशी कोकणात श्रावणात असते, तर लाकडातला ओलावा २० टक्क्यांपर्यंत चढतो. पुण्या-नगरकडच्या कोरड्या उन्हाळ्यात आर्द्रता ३० टक्क्यांवर आली की लाकूड ६ टक्क्यांपर्यंत वाळतं. ओलावा बदलला की रुंदी बदलते, लांबी जवळपास नाही. ऐनासारख्या लाकडाची चार इंची फळी या दोन टोकांमध्ये एक सूतभर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) किंवा थोडी जास्तही फुगते-आक्रसते.

म्हणून पट्ट्यांत दोन सूत फट ठेवा. उन्हाळ्यात बाक करत असाल तर अडीच सूत, म्हणजे पावसात फुगून पट्ट्या एकमेकींना भिडणार नाहीत. तीन सुतांच्या वर नको, लहान मुलांची बोटं अडकतात. फट ठेवायचं दुसरं कारण म्हणजे पाणी खाली पडायला हवं. आणि पट्टी रुंद घेऊ नका. सहा इंची एक फळी छान दिसते, पण ती मधून वाटीसारखी खोलगट होते आणि तिथे पाणी साचतं. तीन इंचाच्या दोन घ्या.

सांधे कसे करावेत? स्क्रू चालतील का?

चौकटीला खाच आणि कुसू (खाचेत बसणारं, खांद्यापुढे कोरून बारीक केलेलं टोक), आणि त्यात आरपार लाकडी खुंटी. बाहेरच्या कामात याला तोड नाही. खुंटी त्याच लाकडाची किंवा त्याहून कडक, खडखडीत वाळलेली घ्या. कुसवातलं भोक खांद्याच्या दिशेला अर्धा मिलिमीटर सरकवून पाडलं की खुंटी ठोकताना सांधा आपोआप आवळला जातो. पहिल्यांदा हे काम जवळून बघताना लक्ष ठेवा : शेवटच्या दोन ठोक्यांना खांद्याची बारीक फट मिटते आणि तिथे जाड झालेला डिंक रेघेसारखा बाहेर येतो.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. वर तोंड असलेल्या खाचेत पाणी उतरतं आणि तिथेच राहतं. अशा खाचेच्या तळातून खाली दोन सूत रुंदीचं एक भोक पाडून ठेवा. आडव्या चौकटीची वरची कड सपाट न ठेवता बाहेरच्या बाजूला थोडी उतरती रंधून घ्या.

स्क्रू पट्ट्यांना जरूर वापरा, पण स्टेनलेस स्टीलचे. किनाऱ्यापासून लांब ३०४ ग्रेड चालतो. खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात, मालवण-वेंगुर्ल्यापासून पणजीपर्यंत, ३१६ घ्या. आधी भोक पाडल्याशिवाय जड लाकडात स्क्रू घालू नका. आठ नंबरच्या स्क्रूला सव्वातीन मिलिमीटरचं भोक, आणि आट्यांना मेण किंवा साबण. पितळी स्क्रू वापरायचे तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून आटे पाडून घ्या, नाहीतर पितळ मध्येच तुटतं.

लोखंडी खिळ्याभोवती लाकूड काळं का पडतं?

लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याचा लोखंडाशी संयोग होऊन. पूर्वी हिरडा आणि हिराकस उकळून काळी शाई करत, तीच ही क्रिया, आणि ऐन-किंजळ ही हिरड्याच्याच कुळातली झाडं आहेत. डाग पडलाच तर ऑक्झॅलिक अॅसिडच्या पातळ द्रावणाने जातो. हातमोजे घाला आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा. पण खिळा तसाच राहिला तर डाग परत येतो.

कोणता डिंक वापरावा?

साधा पांढरा फेविकॉल बाहेर टिकत नाही. वॉटरप्रूफ ग्रेड, पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सी घ्या. तेलकट लाकडाला, विशेषतः सागाला, ताजा रंधा मारून अॅसिटोनने पुसायचं आणि लगेच डिंक लावायचा. आज रंधून ठेवलं आणि उद्या चिकटवलं तर मधल्या वेळात तेल पुन्हा वर येतं. इपॉक्सी लावलेला सांधा फार आवळू नका, सगळं बाहेर पिळून निघतं.

पॉलिश, व्हार्निश की तेल?

तेल, किंवा काहीच नाही.

व्हार्निशचा थर बाहेर एक-दोन पावसाळे छान दिसतो. मग कुठेतरी बारीक चीर जाते, पाणी आत शिरतं, आणि आता तो थरच पाणी बाहेर येऊ देत नाही. खाली लाकूड काळं पडतं, वर पापुद्रे सुटतात, आणि पुन्हा करायचं तर सगळं खरवडावं लागतं. तेलाला हा त्रास नाही. जड लाकडात तेल फार खोल जात नाही, म्हणून पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून काढा. जवसाचं कच्चं तेल नको. ते लवकर वाळत नाही आणि पावसात त्यावर बुरशी धरते. उकळलेलं किंवा बाहेरच्या कामासाठीच केलेलं तेल आणा.

तेल पुसलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि असा गोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या दोरीवर एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

काहीच लावलं नाही तर लाकूड काही महिन्यांत करडं होतं. सूर्याच्या अतिनील किरणांनी वरच्या थरातलं लिग्निन, म्हणजे तंतू एकत्र धरून ठेवणारं द्रव्य, जातं, एवढंच. तो थर केसभर जाड असतो, खाली लाकूड शाबूत असतं. मला तो रुपेरी करडा रंग आवडतो.

काजूच्या तेलाने रंगवलं तर?

काजूच्या टरफलाचं तेल कोकणात आणि गोव्यात होड्यांना पूर्वीपासून लावतात आणि ते कामाचं आहे. पायांच्या तळाला, कुंडीच्या बुडाला लावा. बसायच्या जागी नको. हे तेल अंगावर उततं, फोड येतात. लावताना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच.

बाकाचे पाय खालूनच का कुजतात?

पायाचं टोक म्हणजे उभ्या तंतूंची उघडी तोंडं. तिथून पाणी वर ओढलं जातं. त्यात जांभ्याचा ओटा असेल तर तो दगड पाणी धरून ठेवतो आणि पाय दिवसेंदिवस ओल्यातच उभे राहतात. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर रेंगाळला की बुरशीला वाव मिळतो.

पायांचे तळ इपॉक्सीत बुडवून दोन-तीनदा मुरवा. पायाखाली नायलॉनचा किंवा स्टेनलेसचा जाड तुकडा बसवा, म्हणजे जमिनीपासून दोन सूत अंतर सुटेल. आणि बाक पागोळ्यांच्या रेषेत ठेवू नका. तिथे वरूनही मारा आणि खालून शिंतोडेही.

लाकडी कुंडीत माती थेट भरावी का?

नको. ओली माती आतून सतत चिकटलेली असली तर कोणतंही लाकूड हरतं. लाकडी पेटी ही बाहेरची चौकट समजा, माती वेगळ्या भांड्यात असू द्या. आत प्लास्टिकची कुंडी ठेवा, नाहीतर शेततळ्याला घालतात त्या ५०० मायक्रॉनच्या प्लास्टिक कागदाचं अस्तर लावा. हा कागद शेतीसामानाच्या दुकानात तुकड्यानेही मिळतो आणि चांगला टिकतो. अस्तर आणि लाकूड यांच्यामध्ये उभ्या रिपा मारून दोन-तीन सूत हवेची फट सोडा. कागदाच्या वरच्या कडेवर लाकडी पट्टी बसवा, म्हणजे पावसाचं पाणी मागे झिरपणार नाही.

बुडाला एक अखंड फळी न घालता पट्ट्या घाला, मध्ये फट ठेवून. अस्तराला खाली अर्ध्या इंचाची चार-पाच भोकं, ती बरोबर त्या फटींवर येतील अशी. पेटीला इंचभर उंच पाय.

वजन मोजा. आतून दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल कुंडीत साधारण ५५ लिटर माती मावते, आणि ती भिजली की ८० ते १०० किलो. गॅलरीत अशा चार कुंड्या ओळीने ठेवायच्या असतील तर आधी इमारतीचा बांधकाम अभियंता गाठा. कोकोपीट आणि शेणखताचं मिश्रण मातीपेक्षा बरंच हलकं पडतं.

कुंडीखालच्या लादीवर तांबडे डाग पडले. लाकूड खराब आहे का?

मुळीच नाही. नवं जड लाकूड पहिल्या पावसात रंग सोडतं. बिवळ्याच्या पेल्यात ठेवलेलं पाणी रंगतं हे अनेकांनी पाहिलं असेल. पहिला पावसाळा कुंड्या आणि बाक मातीवर किंवा खडीवर काढू द्या, मग लादीवर आणा.

घरी करताना काय जपावं?

भुसा. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली पहिल्या गटात नोंदवली आहे. साग, शिसव, इपे यांच्या धुळीने काहींच्या अंगाला खाज सुटते, डोळे चुरचुरतात. साधा रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क घाला आणि काम मोकळ्या हवेत करा. करवतीला कार्बाइडच्या दातांचं पातं हवं. सागात वाळूचं द्रव्य असतं आणि ते साध्या पात्याची धार बघता बघता घालवतं.

पावसाळ्यात बाक ताडपत्रीने झाकून ठेवावं का?

गुंडाळून नाही. आत वाफ कोंडते आणि उघडं ठेवण्यापेक्षा जास्त बुरशी धरते. पडवीत ओढून घेता आलं तर उत्तम. नाही आलं तर उघडं राहू द्या. चार महिन्यांत एकदा-दोनदा उघडीप बघून नारळाच्या काथ्याने आणि पाण्याने घासा, फटींत अडकलेला पालापाचोळा काढा. पानांखालीच ओल राहते.

दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की तेलाचा हात द्या. त्याच वेळी सगळे स्क्रू एकदा तपासा.

एखादी पट्टी कुजली तर सगळं बाक जातं का?

म्हणूनच पट्ट्या स्क्रूने बसवायच्या, चिकटवायच्या नाहीत. बाक करतानाच दोन पट्ट्या जास्त रंधून, भोकं पाडून माळ्यावर ठेवून द्या. त्याच लॉटचं लाकूड पुन्हा मिळेलच असं नाही. बदललेली पट्टी पहिलं वर्ष तांबूस दिसेल, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बाकीच्यांत मिसळेल. कुजलेली पट्टी फेकण्याआधी ती कुठून कुजली ते बघा. स्क्रूच्या भोकापासून सुरुवात असेल तर नवी पट्टी बसवताना भोकात तेलाचे चार थेंब सोडा. चौकटीवर टेकते तिथून असेल तर त्या जागी पाणी साचतंय, तेव्हा चौकटीची वरची कड आणखी उतरती करूनच नवी पट्टी बसवा.